चवीच्या वहीतला अंगठा

शंभर लेकरायच्या खिचडीत मीठ किती पडावं, हे कोनत्या पुस्तकात लिवलेलं नाही. ते हाताले समजते. गंजात पानी उकळून राह्यलं, तांदूळ अन् मूगदाळ खाली-वर होऊन राह्यली, की हात आपोआप मिठाच्या डब्याकडं जाते. बावीस वर्ष माह्या हातानं ते मीठ बराबर टाकलं. एक दिवस सोडून. त्या एका दिवसापायी एका पोरीची कॉलेजातली जागा जात होती. आता कोनी म्हनन, खिचडीच्या मिठाचा अन् कॉलेजचा काय संबंध? मलेबी तवा ठाऊक नव्हतं.

शाळेच्या मॅडम म्हने, "गयाबाई, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाचं सांगा." म्या म्हटलं, "मॅडम, मी तिसरीतून निंदनाले गेलेली बाई. सांगीन मी, पन लिवन कोन?" तं सून बसली लिवाले. मंधातच थांबते अन् म्हनते, "आत्याबाई, हे नका सांगू, छापून येते." म्या म्हटलं, जसं निघालं तसं लिव.

आमचं गाव कामरगावच्या बाजूचं. शाळा जिल्हा परिषदेची. मी तिथं खिचडी शिजवत होती. त्या कामाले पगार नाही म्हनत, मानधन म्हनतात. धन उशिरा ये. मानाचं पुढं सांगून राह्यली.

सकाळी लेकरं यायच्या आधी चूल पेटली पाह्यजे. जळन म्हंजे पऱ्हाट्या नाहीतं तुराट्या. पावसाळ्यात त्या ओल्या होत, फुकता फुकता डोळ्यातून धार लागे. मंग मोठे गुरुजी कपाटातली रद्दी देत. जुन्या हजेऱ्या, फाटके तक्ते, कायचे कायचे कागद. म्हनत, "घ्या गयाबाई, पेटवा." गॅस फार मागून आला. तवापर्यंत त्या शाळेचे किती कागद म्या चुलीत घातले याचा हिसाब नाही. हे ध्यानात ठेवा.

खिचडी शिजली की लगेच वाढाची नाही, असा नियम. आधी एका मास्तरनं चाखाची अन् एका लेकराच्या मायनं नाहीतं बापानं चाखाची. अर्धा घंटा थांबाचं. कोनाचं पोट दुखलं नाही, मंग पंगत. चाखनाऱ्यानं एका वहीत तारीख टाकून लिवाचं, चव कशी आहे, अन् खाली सही कराची. त्या वहीले चवीची वही म्हनत. लेकरायच्या जिवासाठी केलेला नियम, चांगलाच आहे.

पन आमच्याकडं एक अडचन झाली. मास्तर चाखत. मायबाप कोनी येत नव्हतं. माह्यं घर बुद्धविहाराच्या मांगं आहे. समजलं न? पहिल्या वर्षी तं चार-पाच घरचे पोट्टे डबाच आनत. पाटलीनबाई शाळेच्या फाटकापर्यंत ये, डबा दे, अन् माह्याकडं न पाह्यता जाय. म्या कधी काही म्हटलं नाही. फोडनीत लसून थोडा जास्त टाकत होती. हळूहळू पोट्टे डबा ठेवून ताटली घेऊन बसाले लागले. लेकरायचं जमलं, पन त्यायच्या मायांचं जमत नव्हतं. वहीतला मायबापाचा रकाना रिकामाच राहे, अन् वरून कोनी तपासाले आलं की मोठे गुरुजी घामाघूम.

अशात रामकली आली.

गावाच्या खालच्या अंगाले वीटभट्टी आहे. दिवाळी झाली की तिथं मध्य प्रदेशातले लोक येत, खंडव्याच्या तिकडले कोरकू आदिवासी. नवरा माती मळे, बायको विटा थापे, लेकरं विटा उलट्या करत. पावसाच्या आधी परत जात. रामकली अन् तिचा नवरा दयाराम त्यायच्यातलेच, कितीक वर्षापासून येनारे. पानी भराले ती शाळेच्या हापशीवर ये. एक दिवस मोठ्या गुरुजींनी तिले हाक मारली, "ओ बाई, तुझी लेकरं कुठं आहेत?"

"भट्टीपर."

"शाळेत आण."

"कागज नहीं है, गुरुजी."

गुरुजी म्हने, "कागद नको. लेकरू आण."

तवा नवीन कायदा आला होता. कागद नाही म्हनून कोन्या लेकराले शाळेतून परत धाडाचं नाही. आईच्यान सांगतो, सरकारनं केलेलं ते सगळ्यात चांगलं काम. दुसऱ्या दिवशी रामकलीनं पोरीचं बोट धरून आनलं. सुमरती तिचं नाव. सहा वर्षाची, केसात विटांची लाल धूळ. आमी तिले सुमी म्हनाले लागलो.

ती सुमी भट्टीवरच्याच खोपटात जन्मली होती. मले पक्कं ठाऊक, कारन त्या दिवशी गरम पानी घेऊन मीच धावली होती. गुरुजींनी दाखल्याच्या वहीत लिवता लिवता विचारलं, "जन्म कुठला लिहू?" रामकली माह्याकडं पाह्याले लागली. मले वाटलं, लेकराच्या नावापुढं भट्टी काय लिवाची? भट्टी काय गाव असते काय? उद्या पोरीचं लग्न निघन, पाव्हने म्हनतीन उघड्यावर झालेली. म्हनून म्याच सांगितलं, "लिवा गुरुजी, तिच्या आज्याचं गाव." आज्याचं गाव म्हंजे मध्य प्रदेश. गुरुजींनी तसंच लिवलं. रामकली खूष झाली. मीबी खूष. पोरीची इज्जत राखली असं वाटलं मले.

त्याच दिवशी गुरुजी रामकलीले म्हने, "आता तूही पालक झालीस. चाख खिचडी." तिनं तळहातावर घेतली, फुंकली, खाल्ली. म्हने, "अच्छी है." गुरुजींनी लिवलं, चव चांगली. खाली तिचा अंगठा. शाईचा अंगठा तिनं कितीतरी वेळ पुसला नाही, वरतेच धरून ठेवला.

तवापासून चाखाले रोज रामकली. दुसरं वर्ष लागलं अन् भट्टीवर विटांचा थर दयारामच्या पायावर पडला. पाय मोडला. आरोग्य केंद्रातली सिस्टर रोज पट्टी बांधाले ये, अन् सुमी तिची थैली धरून उभी राहे. तवाच तिनं ठरवलं की सिस्टर व्हाचं. पाय बरा झाला, पन माती मळन्याचा राह्यला नाही. मंग ते परत गेलेच नाही. दयारामनं वावरांची राखन धरली, रामकली सोयाबीन सोंगाले, तूर कापाले जाय. गावाच्या कडेले टिनाची खोली. बारा महिने इथंच. पन राशनचं कार्ड तिकडं, मतदानाचं नाव तिकडं, आधारवर पत्ता तिकडचा. आज्यानं सगळं तिकडं करून ठेवलेलं, अन् इथं बदलाचं कोनाच्या मनात आलं नाही. पोट इथं भरून राह्यलं, तं कागद कुठं आहे याची कोन चौकशी करते?

आता मिठाचा दिवस.

सुमी तवा चौथीत होती. एक नवे मास्तर आले होते, पातळ मिशीचे, बोलाले कडक. त्या दिवशी माह्या मोठ्या पोराले ताप होता, माह्यं ध्यान घरी. खिचडी झाली. मास्तरनं एक घास घेतला अन् वहीत लिवलं, "मीठ फार जास्त. खारट." त्याच्याखाली रामकलीचं मत लिवाचं होतं. तिनं चाखलं, माह्याकडं पाह्यलं, अन् म्हने, "चांगली आहे." खाली अंगठा लावला.

मले असा राग आला काय सांगू! म्या म्हटलं, या मास्तरची जीभच वाकडी. इतक्या वर्षात माह्या खिचडीले कोनी नाव ठेवलं नव्हतं. चवीच्या वह्या भरल्या की मी रद्दीत जाऊ देत नव्हती, मागून घेत होती. घरी लोखंडी पेटीत ठेवत होती. कधी नातू आला की त्याच्याकडून वाचून घ्याची: "चव चांगली. चव उत्तम. चव छान." मले दुसरं कोन्तं बक्षीस भेटलं या जन्मी? तं त्या वर्षीची वही भरली, सुट्ट्या लागायच्या आधी एका सकाळी म्या ती घेतली अन् सरळ चुलीत घातली. एका पानापायी पुरी वही. खिचडी शिजली तिच्यावर. मस्त शिजली.

दिवस गेले. सुमी शिकत गेली. एक गोष्ट सांगाची राह्यली. ती दुसरी-तिसरीत होती तवाच मायले म्हने, "माय, अंगठा नको लावू, मी शिकवतो." चुलीजवळ राखेत बोट फिरवून ती मायले रामकली लिवाले शिकवे. मी भाजी चिरता चिरता पाहे. चौथीच्या त्या वर्षात रामकली शिकली. पाचवीच्या वहीत पहिल्या पानावर तिची सही आहे, वाकडीतिकडी, क वेगळा अन् ली वेगळी.

सातवीनंतर सुमी कामरगावच्या शाळेत, यष्टीनं. पन रामकलीनं चाखनं सोडलं नाही, तिची धाकटी आता शाळेत होती. बारावीले सुमीले चांगले मार्क पडले. नर्सिंगची ते परीक्षा असते, तिच्यातबी पास झाली. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी ती पळत माह्या घरी आली, पाया पडली, म्हने, "मावशी, आता फारम भराचा."

फारम मोबाईलवर भराचा. सेतू केंद्रावर गेली तं तिथला मानूस म्हने, "डोमिसाईल लागते." डोमिसाईल म्हंजे तुमी या राज्याचे रहिवासी आहे याचा दाखला. तो नसला तं पोरीले दुसऱ्या राज्याची धरतात, अन् मंग जागा नाहीच असं समजा. जातीचा दाखला तिकडचा, तो इकडं चालत नाही. ती ओपनमधून भराले तयार होती. पन डोमिसाईल कुठून आनन? शाळेच्या दाखल्यावर जन्म मध्य प्रदेश. पोरगी सतराची, म्हनून मायबापाचा दहा वर्षाचा रहिवास पाह्यजे. मायबापाचे सगळे कागद मध्य प्रदेश.

पहिले म्हने कॉलेजात मार्क पाहून घेत. आता सगळं एका जागी, मोबाईलवर, अन् कागद टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. चांगलंच असन, वशिला चालत नसन. पन माह्या डोक्यात एकच बसलं: ज्या पोरीले शाळेनं कागद नाही म्हनून घेतलं, तिले कॉलेज कागद नाही म्हनून सोडून राह्यलं. अन् त्या शाळेच्या कागदावर जे चुकीचं लिवलं ते कोनी सांगितलं? म्या.

सुमी रडली नाही. टिनाच्या खोलीबाहेर बसून होती. म्हने, "मावशी, जाऊ द्या. मी मायसंग तूर कापाले जाईन." फारमाले तीन दिवस राह्यले होते.

मी घरी आली, जेवली नाही. पेटी उघडली. कायले उघडली ते मलेबी माहीत नाही. वर लुगडी होती, खाली चवीच्या वह्या. सुनेले म्हटलं, "हे पाह्य न, याच्यावर तारखा आहेत काय?" सून म्हने, "आत्याबाई, हर पानावर तारीख आहे. अन् हर पानावर रामकलीबाईचा अंगठा नाहीतं सही आहे."

सकाळीच मॅडमकडं गेली. त्यायनं वह्या पाह्यल्या, डोळे मोठे झाले. शाळेच्याच वह्या आहेत असं पत्र लिवून देलं, अन् हर वहीवर शाळेचा शिक्का मारला. मी, रामकली अन् सुमी, आमी तिघीजनी वह्यायची थैली घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेलो.

बाहेरच्या टेबलावरचा बाबू म्हने, "हे काय, बाई?"

"चवीच्या वह्या."

"कशाच्या?"

"खिचडीच्या चवीच्या."

तो हसला. "आजी, इथं रहिवास पाह्यतो आमी. खिचडी नाही."

"तेच पाह्य म्हटलं बाबू. हे रोज खाऊन राह्यली, तं राहत कुठं असन?"

तो उठला अन् वह्या घेऊन आतल्या साहेबाकडं गेला. आमाले आत बोलावलं. साहेब जुना मानूस, चष्मा नाकावर. एक एक पान उलटवाले लागला. पंखा फिरून राह्यला, पानं उडून राह्यली, तो अंगठ्यानं दाबून धरे. अंगठा, अंगठा, अंगठा. मंग सही. पहिले वाकडी, मंग थोडी सरळ, शेवटच्या वहीत एका ओळीत.

"बाई, या कागदावर सही करा," तो रामकलीले म्हने. तिनं केली. त्यानं ती सही वहीजवळ धरून पाह्यली.

"हे एका दिवसात बनवता येत नाही," तो म्हने. मंग वह्या मोजल्या. "पण मधलं एक वर्ष नाही. चौथीचं. ते कुठं आहे?"

त्या वहीचं काय झालं हे रामकलीले ठाऊक नव्हतं, सुमीले ठाऊक नव्हतं.

"जाळलं, साहेब."

"कोणी?"

"म्या."

"का?"

आता काय सांगन? म्या खरं सांगितलं. "मास्तरनं लिवलं होतं खिचडी खारट. खोटं लिवलं होतं, साहेब. मीठ बराबर होतं."

साहेबानं चष्मा काढला. रामकलीकडं पाह्यलं. "तुम्ही होता त्या दिवशी?"

"होती साहेब."

"मग सांगा. खारट होती का?"

रामकली खाली पाह्याले लागली. मी तिच्याकडं पाहून राह्यली. ती हळूच म्हने, "साहेब, झूठ नहीं बोलूँगी. लय खारट होती. लेकरांनी हापशीचं पानी पिऊ पिऊ खाल्ली."

"काय वं रामकले!" माह्या तोंडातून निघालं. बाबू तोंडावर फाईल धरून हसला. सुमी हसली. साहेबबी हसला, मंग लगेच गंभीर झाला. म्हने, "ही बाई त्या वर्षी गावात होती, हे मला पटलं. पण मला पटून चालत नाही. त्या एका वर्षासाठी गावातल्या पाच जणांचे जबाब लिहून आणा. उद्या."

उद्याच! तलाठी दुपारी गावात आला, शाळेच्या ओट्यावर बसला. म्या विचार केला, पाच मानसं कुठून आनू, सगळे वावरात. पन पहिली कोन आली ठाऊक आहे? पाटलीनबाई. काठी टेकत. तलाठ्याले म्हने, "लिव. त्या वर्षी माह्या तुरीच्या वावरात रामकली कामाले होती. माह्या नातवाले त्या दिवशी शाळेतून आल्यावर दोन गिलास पानी पाजलं मी, खारट खिचडी खाऊन आलता. लिव हेबी." म्या म्हटलं, आता हे गावभर झालं. तिच्यामांगं चार बाया आल्या. सगळ्यायनं सही केली. माह्या हातचं चाखाले फाटकाच्या आत न येनाऱ्या बायाच होत्या त्या. म्या कोनालेच जुनं काही बोलून दाखवलं नाही. चहा केला.

दाखला झाला. शेवटच्या दिवशी फारम गेला. पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या यादीत आलं. अकोल्याले जागा भेटली.

मी खूष आहे, पन एक गोष्ट मनातून जात नाही. भट्टीवरची लेकरं ती एकच नव्हती. बुधिया होती, गनितात सुमीपेक्षा हुशार. दोन-तीन पोरं होती. कोनी आठवीतून गेलं, कोनी दहावी करून परत भट्टीवर. त्यायच्या मायांनी चाखलं नव्हतं, त्यायचं नाव कोन्या चवीच्या वहीत नव्हतं. त्यायचं नाव असन तं जुन्या हजेऱ्यांत. अन् त्या हजेऱ्यांवर म्या चूल पेटवली. मले कोन म्हनालं होतं की कागद म्हंजे लेकराचं पुढलं पाऊल असते? गुरुजींनाबी ठाऊक नव्हतं. आता मॅडम भट्टीवरच्या लेकरायचा जन्म जिथं झाला तिथलाच लिवतात, दोनदा विचारून. रद्दी कोनाले देत नाही.

सुमीले अकोल्याच्या गाडीत बसवून देलं, तवा रामकली अन् मी यष्टीजवळ उभ्या. पोरीनं खिडकीतून हात हालवला. गाडी वळली. आमी परत गावाकडं पायी निघालो. थोडं चालल्यावर म्या विचारलंच.

"खरंच खारट होती वं?"

"होती, मौसी."

"मंग त्या दिवशी चांगली म्हनून अंगठा काहून लावला?"

ती चालता चालता म्हने, "तुमच्या हातचं कोनी चाखत नव्हतं. मास्तर खारट म्हने. मीबी खारट म्हटलं असतं, तं दुसऱ्या दिवशी तुमाले कसं वाटलं असतं?"

तिले घरी नेलं. मीठ आता माह्या जिभेले नीट समजत नाही, वय झालं. वांग्याची भाजी केली, वाटीत थोडी काढली अन् तिच्यापुढं सरकवली.

"आता खरं सांगाचं."

तिनं चाखली. थोडा वेळ थांबली, अर्धा घंटा नाही, पन थांबली.

"कमी आहे, मौसी," म्हने, अन् मिठाचा डबा उचलून माह्या हातात देला.